बंदरावरच्या रुक्मिणीबाई

सूड ही माणसाच्या मनातली एकमेव निःस्वार्थ भावना आहे. प्रेमात काहीतरी हवं असतं, भक्तीत तर मागण्यांची यादीच असते. सूड घेणारा मात्र स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं वाईट करतो. हा विचार मला अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, मिरजेहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या एसटीत, आंबोलीच्या घाटात सुचला आणि तो पूर्ण होताच मी खिडकीतून उलटी केली.

"लिंबू चोखा," हेमलता म्हणाली. ही माझी बायको. "सूड घ्यायला निघालेल्या माणसाने सकाळी मिसळ खाऊ नये."

"चेष्टा नकोय."

"बरं. पण आलोच आहोत तर दीपगृह बघू. शेजारच्या साठेवहिनींनी खाजं आणायला सांगितलंय."

"आपण सहलीला आलेलो नाही."

"तुम्ही नसाल," असं म्हणून तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. तेच पुस्तक. माझ्या आयुष्याचं वाटोळं करणारं ते पुस्तक तिला प्रवासात फार सोयीचं वाटत होतं.

मी तेव्हा मिरजेच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. विभागप्रमुख होते प्राध्यापक शरच्चंद्र टेंबे. चार वर्षं खपून मी कोकणातल्या बारा बंदरगावांवर एक पुस्तक लिहिलं होतं. कुठे काय खावं, कोणता दशावतारी खेळ, कोणतं देऊळ पाहावं, पाण्याकाठी कुठे बसावं, असं सगळं. प्रस्तावनेसाठी बाड टेंब्यांकडे दिलं. त्यांनी सात महिने ठेवलं, मग "जरा पाल्हाळ आहे" म्हणाले, मग दिवाळीच्या साफसफाईत ते गहाळ झालं म्हणाले. वर्षभराने कोल्हापूरचे प्रकाशक नाना कुंटे यांनी टेंब्यांच्या नावाने पुस्तक काढलं. पाल्हाळ जसाच्या तसा होता. नवीन होती ती फक्त अर्पणपत्रिका, आणि ती टेंब्यांच्या सासूबाईंना होती.

मी कुंट्यांकडे गेलो. कुंटे तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेत होते.

"दुसरी प्रत आहे तुमच्याकडे?"

"नाही. पण पान एकशे बारा उघडा. वेंगुर्ल्याच्या बंदराच्या वाटेवरची रुक्मिणीबाईंची खानावळ. अशी खानावळ नाहीच! मी मनाने रचलीय. मुद्दाम. चोर सापडावा म्हणून."

"मुद्दाम?"

"सापळा."

कुंट्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मग असं करा सर. तिथल्या दोन माणसांकडून लिहून आणा, की पुस्तक निघण्याआधी अशी खानावळ इथे नव्हती. मी टेंब्यांना इथे समोर बसवतो आणि विचारतो, तुम्ही कुठे जेवलात ते सांगा. तोंड उघडलं नाही तर पुढच्या आवृत्तीवर तुमचं नाव."

एक कागद आणि दोन सह्या, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो.

वेंगुर्ल्यात उतरलो तेव्हा उन्हं कलत होती. लॉजवर बॅगा टाकून मी लाल पेन घेतलं. म्हटलं, आलोच आहे तर पुस्तकातल्या बाकी चुकाही नोंदवून घ्याव्यात, टेंब्यांच्या तोंडावर फेकायला. पहिल्या तासातच सहा सापडल्या. पुस्तक म्हणत होतं, डच वखारीच्या गच्चीवर बसून सूर्यास्त पाहावा. वखारीला गच्ची राहिलीच नव्हती. भिंतींतून झाडांची मुळं लोंबत होती आणि आत एक म्हैस बसली होती. दीपगृहाच्या पायऱ्या पुस्तकात होत्या एकशे एक. हेमलताने मोजल्या, त्यांचा मेळ लागेना. मी लाल रेघ मारली.

"गच्ची तुम्हीच लिहिली होती ना?" ती म्हणाली.

"पुस्तकावर नाव कुणाचं आहे?"

"टेंब्यांचं."

"मग चूक कुणाची?"

ती बंदराच्या धक्क्यावर पाय सोडून बसली आणि गुळाचं खाजं खायला लागली. खाली होड्या पाण्यावर डुलत होत्या, मागच्या टेकडीवर दिवा लागला होता, वारा होता. "छान आहे हो," ती म्हणाली. मी पान एकशे नऊवर 'वारा मंद' या शब्दांखाली रेघ मारत होतो.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी मासळीबाजाराजवळ एका पानवाल्याला मी मुद्दाम मोठ्या आवाजात विचारलं, "इथे रुक्मिणीबाईंची खानावळ कुठे आहे हो?"

नाही म्हणणार, मग मी म्हणणार, तेवढं लिहून द्या. कागद वहीतून काढून हातात तयार ठेवला होता.

पानवाल्याने मान वर न करता सांगितलं, "सरळ जावा. उपडी होडी दिसली काय थांबा. पण गाणा म्हणूक सांगू नकात. आंगार येता ती."

माझ्या हातातला कागद वाऱ्याने फडफडायला लागला. हेमलता म्हणाली, "चला, जेवायची सोय झाली."

रस्त्याच्या कडेला कौलारू घर होतं. अंगणात एक होडी उपडी पडलेली, तिच्या बुडावर गवत उगवलेलं. ओट्यावर साठीच्या आतबाहेरचा एक माणूस जाळं शिवत बसला होता. दारात पंचेचाळिशीची बाई, कमरेला पदर खोचलेला, हातात कोयती.

"जेवक किती माणसां?" तिने विचारलं. "दोन? बसा. आणि आधीच सांगतंय, मी गाणा म्हणूचंय नाय."

"रुक्मिणीबाई आपणच?" मी घसा साफ केला.

"माजा नाव शेवंती गिरप. रुक्मिणी माका त्या टेंब्यान केल्यान. तेच्या तोंडार शिरा पडो."

टेंब्यांच्या तोंडावर शिरा पडो! अस्सल मालवणी शाप. दोन वर्षांत मी स्टाफरूममध्ये, बँकेत, न्हाव्याकडे टेंब्यांविरुद्ध सहानुभूती शोधत फिरलो होतो आणि ती इथे, दोनशे किलोमीटरवर, कोयती घेऊन उभी होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"बाई, सगळं नीट सांगा," मी ओट्यावर बसलो. "ते टेंबे माझ्याच कॉलेजात आहेत. मीही त्यांच्या मागावर आहे."

"खरा सांगतात मास्तर?" ती कोयती ठेवून बसलीच. "तेणा बुक लिवल्यान. बंदराच्या वाटेर रुक्मिणीबाईची खानावळ, अंगणात उपडी होडी. होडी आमची! ह्येंनी डांबर लावक उपडी घातलेली. चार दिवसांसाठी! पयल्या दिवशी सात जण इले नि दारात उभे. म्हटलंय, भुकेली माणसां, घालूया जेवक. दुसऱ्या दिवशी अकरा. मगे येतच रवले."

"म्हणजे पुस्तकाआधी इथे खानावळ नव्हती?"

"खयची खानावळ! मी भाकरी थापीन ती घरच्यांका."

"हे लिहून द्याल?"

"एक सोडून धा लिवन देतंय!"

हेमलताने कागदावर मजकूर लिहिला, बाईंनी ठसठशीत सही केली. मी कागद चौपदरी घडी करून खिशात घातला आणि वरून बटण लावलं. टेंबे संपले होते. हात जोडून कुंट्यांसमोर उभे असलेले मला दिसायला लागले.

"दुसरी सही या दादांची घेऊ," मी जाळं शिवणाऱ्या माणसाकडे वळलो. "हे कोण?"

"ह्यो माजो घोव, जयराम," बाई नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या. "नीट बघा. जितो आसा मा?"

"म्हणजे काय? आहेत की."

"बुकात नाय."

तिने फडताळातून ते पुस्तक आणलं. कुणीतरी गिऱ्हाईक विसरून गेलेलं, हळदीचे डाग पडलेलं. पान एकशे बारा उघडून तिने बोट ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. 'रुक्मिणीबाईंचा तांडेल नवरा एका पहाटे होडी घेऊन गेला, तो परतला नाही. समुद्राने होडी तेवढी परत केली. ती आजही अंगणात उपडी आहे. जेवण झाल्यावर बाई त्याच्या आठवणीत एखादं गाणं म्हणतात. बांगड्याचं तिखलं तोंडात विरघळतं, पण ते गाणं विरघळत नाही.'

यातलं शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी त्या रात्री खुशीत दोनदा चहा प्यायलो होतो.

"लोक येतत," शेवंतीबाई सांगत होत्या, "माज्या कपाळावरचा कुंकू बघतत, मगे एकमेकांच्या तोंडाकडे बघतत. पुण्याची एक बाई तर माका जवळ घेवन रडली. ह्यो थयच बसलेलो, जाळा शिवत!"

"आणि होडी दोन वर्षं उपडीच?" हेमलताने विचारलं.

आता जयराम गिरप पहिल्यांदा बोलले. सुई न थांबवता. "मी दर्यार जाणंय नाय."

"का?"

"लिवलेला आसा, गेलो तो परत येवचो नाय."

"अहो दादा," मी हसण्याचा प्रयत्न केला, "पुस्तकात काय, लेखक वाट्टेल ते लिहितात."

"छापलेला आसा मा?"

"छापलेलंसुद्धा खोटं असतं."

सुई थांबली. "तुमी मास्तर मा? मगे पोरांका काय शिकवतात?"

मी ते हळदीचं पुस्तक मिटून ठेवलं. 

"ह्यो तीस वर्सां तांडेल होतो," शेवंतीबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "बंदरार ह्याच्यासारखो होडी हाकणारो नाय. आता दिवसभर हय बसता. माणसां जेवतत, ह्येका बघतत नि हसतत. टेंब्याक दोन कार्डां घातलंय, जबाब नाय. ह्यो म्हणता, ज्यान लिवला तेणा येवन आपल्या तोंडान शब्द मागे घेतल्याशिवाय होडयेत पाय ठेवचंय नाय. म्हणान आज देवळात गाराणा घालूचा आसा, तेका हय खेचून आणूक. अकरा वाजता. तुमी येवा, मास्तर. तुमीय तेच्या मागावर आसात."

गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे फिर्याद. गुरव मोठ्याने मागणं मागतो, जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार देतात. याविषयी मी पुस्तकात दोन पानं लिहिली होती. ऐकलं कधी नव्हतं. टेंब्यांचं नाव घेऊन देवाकडे फिर्याद होणार आणि मला त्यात हुंकार द्यायला मिळणार! मी चप्पल घालून सगळ्यांच्या आधी अंगणात उभा राहिलो.

वाटेत हेमलता माझ्या शेजारून चालत होती. "सापळा लावला होता ना तुम्ही?" ती हळू म्हणाली.

"हो."

"की वेंगुर्ल्याचं प्रकरण अर्धं पान कमी पडत होतं?"

सांगायला हवं म्हणून सांगतो. सापळा वगैरे काही नव्हतं. ते प्रकरण लिहिलं तेव्हा मी वेंगुर्ला पाहिलेलंच नव्हतं. बारापैकी सात गावं मी पाहिली होती. उरलेली पाच गॅझेटियर, एक जुना नकाशा आणि सावंतवाडीच्या एका विद्यार्थ्याच्या गप्पांवर काढली होती. खाण्याच्या भागात मजकूर कमी पडला म्हणून मी एक बाई बसवली, आणि बाई नुसतीच बसलेली बरी दिसेना म्हणून तिचा नवरा बुडवला.

देवळात पंधरा-वीस माणसं होती. तात्या गुरवांनी पुढ्यात नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत, तेंची सेवा मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मिरजेच्या कोणा टेंब्या मास्तरान आमच्या जयरामाक जिवंतपणी बुडवल्यान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा माझा आवाज होता. पुढच्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

"तेच्या डोळ्याक नीज नको, तेच्या पोटाक अन्न लागू नको—"

"व्हय म्हाराजा!" मी टाचा उचलल्या होत्या.

"—जवसर तो हय येवन ह्या पायरेर उभो रवणा नाय, तवसर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्या गुरव जरा थांबले. ते जुने, अनुभवी गुरव असावेत. देवाकडे मागताना पळवाट ठेवून चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणि म्हाराजा, आमी अडाणी माणसां. नावात गफलत असात, गावात गफलत असात. बुकार नाव एकाचा नि लिवणारो दुसरोच, असाय असात. तरी तू चुकू नको. ज्याच्या हातान खरा लिवला गेला, तेकाच धर नि हय आणून उभो कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मी म्हणालो नाही.  मी पायरीवर उभा होतो. हेमलता देवाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"म्हणा की," ती म्हणाली.

समोर जयराम गिरप हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. टेंब्यांवर राग असा त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. त्याला फक्त कामावर जायचं होतं.

मी पुढे झालो. "थांबा. ते मीच लिहिलंय."

 कोयती घरी राहिली आहे हे मी मनातल्या मनात तपासून घेतलं. शेवंतीबाई हळूहळू वळल्या.

"तुमी कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला भर गर्दीत विचारत होतं की हे पुस्तक कुणाचं. ज्यासाठी मी कुंट्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तो क्षण हाच. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, वीस जोड डोळ्यांकडे, आणि माझ्यातला निःस्वार्थ माणूस जागा झाला.

"मी प्राध्यापक टेंबे," मी म्हणालो. "शरच्चंद्र टेंबे. मिरज."

हेमलताने कपाळाला हात लावला.

पुढची पाच मिनिटं शेवंतीबाई बोलल्या. त्यातलं इथे फारसं लिहिता येणार नाही. टेंब्यांच्या आईवडिलांपासून सुरुवात होऊन मजकूर टेंब्यांच्या होणाऱ्या नातवंडांपर्यंत गेला. सकाळी हे ऐकायला मी आनंदाने पैसे मोजले असते. आता प्रत्येक शब्द पत्ता टेंब्यांचा असूनही माझ्याच कानाखाली येऊन थांबत होता.

"आणि सकाळी खोटा कित्याक बोललात? मागावर आसंय म्हणान?"

"लाज वाटली बाई."

"पुरे," जयराम म्हणाले. "इलो मा तो? बोलान घेवा तेच्याकडसून."

तात्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि मी तीनदा म्हणालो, "जयराम गिरप जिवंत आहेत. ते समुद्रावर जातील आणि परत येतील. माझा शब्द मी मागे घेतला." लोकांनी तीनदा हुंकार दिला. जयरामांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "आता बरा," म्हणाले, आणि तडक घराकडे चालू लागले. आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे चौघं होडीला हात लावून उभे होते. होडी सरळ झाली तेव्हा खालून दोन खेकडे आणि कुणा पर्यटकाची टोपी निघाली.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी देशस्थ, उभ्या जन्मात मासा खाल्लेला नव्हता. पण टेंब्यांनी तिखल्याची इतकी तारीफ छापली होती की नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बांगडा तोंडात विरघळत नाही. त्याला काटे असतात. डोळ्यांतून पाणी काढत मी सोलकढीच्या तीन वाट्या प्यायलो. हेमलता शांतपणे दुसरा बांगडा खात होती. तिने हे कधी आणि कुठे शिकून घेतलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ताट उचलताना शेवंतीबाई म्हणाल्या, "आता म्हणा."

"काय?"

"गाणा. दोन वर्सां माका म्हणूक लावल्यात मा? आता लेखकान म्हणायचा."

मिरजेचा असूनही मला सूर नाही. ओट्यावर आठ गिऱ्हाइकं बसली होती. मी 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणायला घेतलं. दुसऱ्या कडव्याला जयरामांनी हाताने थांबवलं. शेवंतीबाई दोन वर्षांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण त्यांचा नवरा जाळं सोडून त्यांच्याकडेच बघत बसला.

निघताना मी नमस्कार केला. बाईंनी हात पुढे केला.

"तो कागद द्या."

"कुठला?"

"सकाळचो. टेंब्याच्या विरुद्ध लिवन घेतलात तो. तुमीच टेंबे, मगे तुमच्याच विरुद्ध कागद तुमका कित्याक व्हयो?"

 एक तरी वाक्य सुचेल म्हणून मी खिशाचं बटण फार सावकाश काढलं. सुचलं नाही. बाईंनी कागद चुलीत घातला, माझ्यासमोर, मोठ्या मनाने.

परतीच्या गाडीत हेमलता सावंतवाडी येईपर्यंत पुस्तक वाचत होती. मग म्हणाली, "स्वतःचं नाव सांगायला काय झालं होतं?"

"त्या शिव्या टेंब्यांना बसायला हव्या होत्या."

"बसल्या का?"

मी लिंबू चोखायला घेतलं.

त्या मे महिन्यात कॉलेजात एक पार्सल आलं. आमसुलं, काजूगर आणि वर चिठ्ठी: 'प्रा. टेंबे सरांस, जयरामाची होडी चालू आहे, शेवंती गिरप.' टेंब्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना मूठ मूठ काजू वाटले. "वाचकांचं प्रेम," ते म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "तुम्ही मध्यंतरी वेंगुर्ल्याला जाऊन आलात म्हणे. कसं आहे हो गाव?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. काजूही चांगले होते.

पार्सल पुढे दर मे महिन्यात येत राहिलं, टेंबे निवृत्त होईपर्यंत. मी कुंट्यांकडे परत गेलो नाही. दोन हजार एक साली पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. कागद महागल्यामुळे तिच्यातून वेंगुर्ल्याचं प्रकरण गाळलेलं आहे.